पाठांतर

पाठांतर : एखादा मजकूर मूळ शब्दांत व मूळ क्रमाने पुन्हा म्हणता यावा, अशा रीतीने तो स्मरणात साठविण्याच्या क्रियेस पाठांतर म्हणतात. अर्थाकडे लक्ष न देता केवळ पुनरुक्तीच्या बळावर केलेल्या पाठांतरास ‘घोकंपट्टी’ म्हणतात. व्यवहारात हे दोन्ही शब्द समानार्थी वापरले जात असले, तरी स्मरणविषयक संशोधनाने त्यांतील भेद दाखवून दिला आहे. अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेली जात्यावरील ओवी हे घोकंपट्टीवाचून टिकलेल्या स्मरणाचे ठळक उदाहरण असून, परभणी जिल्ह्यातही ही परंपरा होती.

प्रायोगिक अभ्यास : स्मरणाच्या प्रायोगिक अभ्यासाचा पाया जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस (१८५०–१९०९) यांनी घातला. निरर्थक शब्दावयवांच्या याद्या स्वतः पाठ करून, काही काळाने त्या पुन्हा पाठ करण्यास किती कमी श्रम पडतात, हे त्यांनी मोजले. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार एका दिवसानंतर श्रमाची बचत सुमारे एकतृतीयांश, तर महिन्यानंतर सुमारे एकपंचमांश एवढीच उरते. विस्मरण प्रारंभी वेगाने व पुढे मंद गतीने होते, असे यावरून दिसून आले. बायरनच्या काव्यातील कडवी पाठ करण्यास मात्र तेवढ्याच लांबीच्या निरर्थक यादीच्या सुमारे एकदशांश श्रम त्यांना पुरले. अर्थ, लय व यमक यांचे साहाय्य किती मोठे असते, हे यावरून कळून येते.

पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता म्हणून पाहणे अधिक उपयुक्त ठरते, हे ए. आय. गेट्स यांनी १९१७ मध्ये शाळकरी मुलांवरील प्रयोगांतून दाखविले. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांच्या प्रयोगात (२००६) उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले. परंतु आठवड्यानंतर, वाचनाऐवजी आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी सरस ठरले. आठवणे हे स्मरणाचे केवळ मोजमाप नसून स्मरण दृढ करण्याचे साधनही आहे, असा याचा अर्थ होतो.

मौखिक परंपरा : मिल्मन पॅरी व ॲल्बर्ट लॉर्ड यांनी १९३० नंतरच्या दशकात यूगोस्लाव्हियातील वीरगीते गाणाऱ्या गायकांचा अभ्यास केला. आपण गीत शब्दशः तेच गातो, असे गायक सांगत. ध्वनिमुद्रणांत मात्र दर वेळी रचना काही अंशी नवी आढळली. ठरीव शब्दबंध व कथेचा साचा हाताशी ठेवून गायक गाता गाताच रचना करतो, असे लॉर्ड यांनी १९६० मध्ये मांडले. अर्थ, दृश्यप्रतिमा व नाद या तिहींची बंधने एकत्र आली की पुढील शब्दाचे पर्याय थोडे उरतात आणि आठवणे सुकर होते, असे डेव्हिड रूबिन यांनी १९९५ मध्ये प्रतिपादन केले.

जात्यावरील ओवी : परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान मानले जाते. जनीबरोबर विठ्ठल दळू लागतो, ही कथा ओव्यांतून वारंवार येते. हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्रातील एक हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांत परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील ओव्याही आहेत.

ओवीच्या घडणीत वरील सर्व तत्त्वे एकवटलेली दिसतात. ओवी आटोपशीर असल्याने ती एका दमात स्मरणात मावते. यमकामुळे पुढची ओळ सूचित होते. आई, भाऊ, लेक, सासर, पंढरी या विषयांभोवती ओव्यांचे गुच्छ बनतात व एक ओवी दुसरीची आठवण करून देते. जात्याच्या फेऱ्याने लय मिळते; समोर बसलेली दुसरी स्त्री ओवी उचलते, त्यामुळे पुनरुक्ती आपोआप घडते. दळण नित्याचे असल्याने आठवण्याचा सरावही नित्य होई. मुलगी आईजवळ बसून शिके. परंतु ती ओवी जशीच्या तशी ठेवीच असे नाही. साचा तोच ठेवून ती आपले सुखदुःख त्यात घाली.

पिठाच्या गिरण्या गावोगाव झाल्यावर स्त्रियांचे कष्ट कमी झाले. त्याबरोबर आठवण्याचा प्रसंगही नाहीसा झाला. शिकलेले ज्या परिस्थितीत शिकले त्याच परिस्थितीत अधिक आठवते, असे डंकन गॉडन व ॲलन बॅडले यांना पाणबुड्यांवरील प्रयोगात (१९७५) आढळले होते. २०२१ मधील पुनर्प्रयोगात हा परिणाम दिसला नाही. तेव्हा केवळ स्थळाला फार महत्त्व देता येत नाही. ओवीच्या बाबतीत मात्र लय, सोबत व सराव ही तिन्ही साधने एकाच वेळी सुटली. संकलनामुळे ओव्यांचे शब्द व सूर टिकले; नवी ओवी रचण्याचे कौशल्य मात्र गाणाऱ्यांबरोबर लोप पावत चालले आहे.

शैक्षणिक महत्त्व : पाढे, व्याख्या वा कविता पाठ असल्यास अवधान मोकळे राहते व ते अवघड विचाराकडे वळविता येते. मात्र त्यासाठी मजकुराचा अर्थ आधी कळलेला असणे, सराव एकाच बैठकीत न उरकता काही दिवसांच्या अंतराने करणे आणि पुस्तक मिटून आठवून पाहणे आवश्यक असते. या तिन्ही गोष्टींविना केलेले पाठांतर परीक्षेपुरते टिकते व लवकर पुसले जाते.