चाळीस संगणक, एक डाउनलोड

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चाळीस संगणक आहेत, सगळ्यांवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि बाहेरची लाइन १० एमबीपीएसची, असे धरू. अपडेट ५०० एमबीची निघाली, की प्रत्येकाने ती स्वतंत्रपणे उतरवायची म्हणजे २० जीबी. लाइनवर दुसरे काहीही नसले तरी साडेचार तास जातात. मध्ये कॅश असेल, तर तेच ५०० एमबी बाहेरून एकदाच, सातेक मिनिटांत येतात आणि बाकीचे संगणक ते लॅनवरून घेतात. स्क्विड हा कॅश-सर्व्हर १९९६ पासून हेच काम करतो. त्याच्या लॉगमध्ये पहिल्या मागणीपुढे ‘मिस’ उमटते, पुढच्यांपुढे ‘हिट’. पण हिटची टक्केवारी पाहून समाधान मानणे मला घातक वाटते. दोन-दोन केबीची हजार चित्रे कॅशमधून दिली, तर हिट हजार आणि बचत जेमतेम २ एमबी. मोजायचे असतात ते वाचलेले बाइट. स्क्विड बसवला तसाच ठेवला, तर ४ एमबीहून मोठी फाइल तो साठवतच नाही. म्हणजे जिथे खरी बचत आहे तेच निसटते. ही मर्यादा वाढवायला हवी. शिवाय चाळीसही संगणकांनी एकदम मागणी केली, तर पहिली प्रत पूर्ण येण्याआधीच तो तीच फाइल पुन्हा पुन्हा बाहेरून आणू शकतो. अशा मागण्या एकत्र करण्याची सोय त्यात आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.

आज बहुतेक वेबसाइट एचटीटीपीएसवर आहेत, मधल्या कॅशला आतले काही दिसत नाही, हा आक्षेप खरा आहे. काही ठिकाणी प्रत्येक संगणकावर स्वतःचे प्रमाणपत्र बसवून एचटीटीपीएसचे कूटबंधन उघडतात. चार जीबी वाचवण्यासाठी विद्यार्थ्यांचे बँकेचे पासवर्ड मधल्या सर्व्हरपुढे उघडे पाडणे मला अजिबात मान्य नाही, आणि त्याची गरजही नाही. डेबियनची पॅकेजे साध्या एचटीटीपीवरून घेता येतात, कारण त्यांच्या यादीवर डिजिटल सही असते आणि प्रत्येक फाइलचा हॅश त्या सहीपासून सुरू होणाऱ्या साखळीत नोंदलेला असतो. कॅशमध्ये कोणी फेरफार केला, तर डेबियनचे पॅकेज उतरवणारे साधन, एपीटी, ती फाइल नाकारते. शिळ्या प्रतीची भीतीही इथे थोडीच उरते. आवृत्ती बदलली की पॅकेजच्या फाइलचे नाव बदलते, त्यामुळे ताजेपणा तपासायचा तो यादीचा. यादी बदललेली नसेल, तर मूळ सर्व्हर ‘३०४’ एवढेच कळवतो, मजकूर पुन्हा पाठवत नाही.

बँडविड्थ आता स्वस्त झाली, असेही म्हणतात. लाइन १०० एमबीपीएसची केली, तरी त्या २० जीबीला सत्तावीस मिनिटे लागतातच, तीही वर्गाचा तास चालू असताना. आणि डेबियनच्या फाइलींच्या प्रती पुरवणारे अनेक मिरर सर्व्हर विद्यापीठे व स्वयंसेवी संस्था आपल्या खर्चाने चालवतात; एकाच खोलीसाठी तीच फाइल चाळीसदा पाठवण्याचा भार त्यांच्यावरही पडतो.