कागदाचा डाग, माणसाची खूण

२२ जुलै २०२१ला सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं. पुरात भिजलेला आजीचा फोटो स्कॅन करून संगणकावर दुरुस्त करता येतो. प्रश्न आहे, हात कुठे थांबवायचा?

चिखलाचा डाग, बुरशी, घडी हे कागदाचं, खुशाल काढा. पुटकुळी त्या दिवसापुरती. गेली तर गेली. पण सुरकुत्या, तीळ, देवीचे वण हे माणसाचे. आणि गोंदण! महाड-पोलादपूरकडच्या जुन्या बायकांच्या कपाळावरचं गोंदण सॉफ्टवेअरला डागच वाटतं. त्वचा गुळगुळीत करणारा स्लायडर जरा जास्त सरकला की संपलं. ज्या नातीनं आजी पाहिलीच नाही, तिला तेवढाच तर चेहरा मिळणार असतो.

चार्ल्स पर्स हा अमेरिकन तत्त्वज्ञ फोटोकडे ठशासारखं पाहतो: समोरच्या वस्तूच्या प्रकाशानंच तो उमटलेला असतो, वाळूतल्या पावलासारखा. पाण्यानं गेलेला डोळा एआयनं भरला तर तो ठसा उरत नाही, अंदाज होतो. भरायला हरकत नाही, पण घरच्यांना सांगून.

बाकी काम सोपं आहे. मूळ स्कॅनला हात लावू नका, बदल वेगळ्या लेयरवर करा. झाल्यावर त्या लेयरची ओपॅसिटी निम्म्यावर आणून बघा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. मोठं करून पाहिलं की त्वचेचं प्रत्येक छिद्र दोष वाटतं, म्हणून मधूनमधून भिंतीवर दिसेल तेवढ्याच आकारात पाहा. डोळे फार पांढरे करू नका, माणूस भुतासारखा दिसतो! शेवटी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दाखवा. त्यांनी "ही कोण?" विचारलं, तर स्लायडर मागे घ्या.