लेखकाचे संकेतस्थळ : काही व्यावहारिक विचार

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ तयार नव्हता. हा इतिहास आपल्याकडे वारंवार सांगितला जातो. पण त्यातून बाबासाहेबांनी जो निष्कर्ष काढला आणि आयुष्यभर अमलात आणला, त्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०), ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) ही पत्रे आणि त्यांच्यासाठी सोसलेला छापखान्याचा खटाटोप यांच्यामागे एक साधी भूमिका होती. मजकूर आपला असून भागत नाही. तो जेथून बाहेर पडतो ती जागाही आपल्या ताब्यात असावी लागते. साठोत्तरी काळात सायक्लोस्टाईल करून अंक काढणाऱ्या तरुणांनीही हेच केले.

आज ही जागा महाजालावर आहे, आणि तेथे आपल्या बहुसंख्य लेखकांचे स्वतःचे असे काहीच नाही. एम. ए. करणारा एखादा विद्यार्थी दलित कवीवर टिपण लिहायला बसतो. कवितासंग्रहाची आवृत्ती संपलेली असते, प्रकाशन बंद पडलेले असते. तो फोनवर कवीचे नाव शोधतो. त्याला सापडते काय? कोणा तिसऱ्याने लिहिलेला परिचय, जुन्या किमतीचे एखाद्या विक्रेत्याचे पान, आणि नाव कापून फिरणारी कवितेची छायाचित्रे. कवी कोण, हे इतरांनी ठरवलेले असते. आत्मकथन ज्या साहित्याचा कणा आहे, त्या साहित्याच्या लेखकांचा परिचय दुसऱ्यांच्या शब्दांत असावा, ही गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही.

फेसबुकवर आम्ही रोज लिहितोच, असे यावर सांगितले जाते. लिहावे, पण ती भाड्याचीही जागा नव्हे, ती दुसऱ्याची ओसरी आहे. आज लिहिलेले आठवड्याने खाली वाहून जाते, आणि खाते केव्हा बंद होईल ते आपल्या हाती नसते. ‘जिओसिटीज’वर लाखो लोकांनी पाने बांधली होती, ती सेवा याहूने २००९ मध्ये गुंडाळली. ‘ऑर्कुट’ २०१४ मध्ये बंद झाले, ‘गूगल प्लस’ २०१९ मध्ये. ज्यांनी आपले लिखाण वेगळे राखले नव्हते त्यांचे गेले.

संकेतस्थळ म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात, आणि त्या वेगळ्या आहेत हे न कळल्यामुळेच पुष्कळ घोटाळे होतात. पहिली गोष्ट नाव, म्हणजे डोमेन. दुसरी जागा, म्हणजे होस्टिंग. आपल्या फाईली ज्या सतत चालू असलेल्या संगणकावर ठेवलेल्या असतात ती. तिसरी गोष्ट मजकूर. गावच्या भाषेत सांगायचे तर नाव म्हणजे सातबारा, जागा म्हणजे भाड्याची खोली आणि मजकूर म्हणजे घरातले सामान. खोली बदलता येते, सामान हलवता येते. सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर असता कामा नये.

येथेच बहुतेक लेखक फसतात. पुतण्याचा मित्र किंवा चौकातला संगणकवाला ‘सर, मी सगळं करून देतो’ म्हणतो आणि डोमेनची नोंद स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर करतो. तो प्रामाणिक असेलही. पण तीन वर्षांनी तो पुण्याला नोकरीला गेला, त्याचा फोन बदलला, की नूतनीकरणाची सूचना कोणालाच मिळत नाही. मुदत संपते, सवलतीचे काही दिवस उलटतात आणि ते नाव कोणीही विकत घेऊ शकतो. म्हणून मदत कोणाचीही घ्यावी, पण नोंदणी लेखकाच्याच नावाने, त्याच्याच ईमेलवर करावी, आणि संकेतशब्द त्याच्या वहीत असावा. पहिल्या वर्षाची किंमत कमी दाखवून पुढच्या वर्षी जास्त घेण्याची रीत या धंद्यात सर्रास आहे, तेव्हा नूतनीकरणाचा दर आधी विचारावा. देवनागरीत ‘.भारत’ या प्रत्ययाचे नाव २०१४ पासून मिळते आणि मराठीसाठी ते वापरता येते. अभिमान म्हणून ते जरूर घ्यावे, पण अजून काही अर्जांत आणि ईमेलच्या रकान्यांत देवनागरी पत्ता स्वीकारला जात नाही. म्हणून जोडीला ‘.इन’ किंवा ‘.कॉम’चे साधे नाव असलेले बरे.

जागेबद्दल फार बोलण्याची गरज नाही. एका लेखकाचे स्थळ म्हणजे दहा-वीस पाने. एवढ्यासाठी महिन्याकाठी पैसे भरण्याचे कारण नाही. ‘ब्लॉगर’ किंवा ‘गिटहब पेजेस’ येथे पाने फुकट ठेवता येतात आणि त्यांना स्वतःचे डोमेन जोडता येते. वर्षाचा खर्च उरतो तो डोमेनचा, आणि साधे नाव घेतले तर तो एखाद्या पुस्तकाच्या किमतीच्या आसपास असतो. ‘वर्डप्रेस’ची दोन रूपे आहेत: एक कंपनी चालवते ते, आणि दुसरे आपण स्वतः भाड्याच्या जागेत बसवायचे ते. दुसरे अधिक मोकळे आहे, परंतु त्यातील आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करावी लागते. तसे झाले नाही तर घुसखोरी होते आणि कवितेच्या पानावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात. ज्यांच्याकडे रोजची देखभाल करणारा माणूस नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये. साधी एचटीएमएलची पाने शिकायला एखादा आठवडा पुरतो, आणि ती वर्षानुवर्षे हात न लावता चालतात. आपल्या महाविद्यालयांतील मुलांनी हे काम शिकून गावातल्या दोन-तीन ज्येष्ठ लेखकांची पाने उभी करून द्यावीत असे मला फार वाटते. जयंतीच्या मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकाच्या एका रात्रीच्या भाड्यात अशी कितीतरी नावे वर्षभर चालतील.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. ती अक्षरांची आहे.

१९९० नंतर मराठी पुस्तके संगणकावर जुळवली जाऊ लागली. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा टंकांत हे काम होई. यांत संगणक मराठी अक्षर साठवत नसे. तो रोमन अक्षरांचे क्रमांक साठवी आणि टंक त्या क्रमांकांवर मराठी आकार चढवी. तो टंक काढून घेतला की उरतो तो रोमन चिन्हांचा कचरा. लेखकाने जपून ठेवलेली तीस वर्षांपूर्वीची फाईल आज उघडली की हेच दिसते, आणि तो समजतो की फाईल बिघडली. ती बिघडलेली नाही. तिला आपली लिपीच ठाऊक नव्हती. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. त्यामुळे टंक कोणताही असो, मजकूर मराठीच राहतो, शोधात सापडतो आणि अंध वाचकाला यंत्र तो वाचून दाखवू शकते. मजकूर युनिकोडमध्ये आहे की नाही, हे पाहण्याची कसोटी सोपी आहे. चार शब्द उचलून फोनवरच्या संदेशात चिकटवावेत. मराठी उमटले तर ठीक.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने मिळतात. मात्र प्रत्येक जुन्या टंकाचा नकाशा निराळा, म्हणून टंकाचे नाव माहीत असावे लागते. बदलल्यानंतरही प्रुफे तपासावी लागतात. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असे, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, रफाराचे मात्र याच्या उलट. त्यामुळे वेलांट्या आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. अर्ध्या ‘ऱ’कडे विशेष लक्ष द्यावे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत डोंगर आणि समुद्र यांच्याएवढे अंतर आहे, पण यंत्राला ते नेहमी कळतेच असे नाही.

फाईलच नसेल, फक्त छापील पुस्तक असेल, तर पानांची स्वच्छ छायाचित्रे गूगल ड्राइव्हवर चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडली की यंत्र मजकूर ओळखून देते. प्रमाण मराठी ते बऱ्यापैकी ओळखते. आपली बोली मात्र हमखास अडते. ‘व्हता’चे ‘होता’ होऊ शकते, ‘सांगितलं’वरचे टिंब गळते, वस्तीतला एखादा शब्द भलत्याच शब्दात बदलतो. फोनवर बोलून टंकताना आणि शुद्धलेखन आपोआप सुधारणाऱ्या सोयीतही हेच घडते. ज्या भाषेला ‘अशुद्ध’ म्हणून वाङ्मयाच्या दाराबाहेर ठेवले गेले आणि जिच्यासाठी आपल्या लेखकांनी भांडण मांडले, ती भाषा यंत्राच्या नकळत केलेल्या दुरुस्तीत पुन्हा पुसली जाऊ नये. म्हणून आपोआप सुधारणा बंद ठेवावी आणि छापील प्रत हाती धरून ओळीशी ओळ ताडून पाहावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण दोघांनी बसून केले, एकाने मोठ्याने वाचले आणि दुसऱ्याने पाहिले, तर एखादा कवितासंग्रह दोन-तीन रविवारी होतो.

कविता छायाचित्र म्हणून लावू नये, मजकूर म्हणून लावावी, हे वेगळे सांगायला नको. शिवाय युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत, यूटीएफ-८ मध्ये, देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. एका पानावर २,००० चिन्हे धरली तर १०० पानांचे पुस्तक सुमारे ६०० किलोबाइटचे होते. फोनने काढलेला एक फोटो पुष्कळदा याच्या पाचपट जड असतो. तालुक्याच्या ठिकाणी कमजोर नेटवर्कवर वाचणाऱ्या मुलाला संपूर्ण पुस्तक एका फोटोपेक्षा लवकर मिळू शकते. सजावट, सरकणारी चित्रे, आपोआप वाजणारे संगीत यांचा विचार या आकड्यांसमोर ठेवून करावा. पानाच्या संकेतात भाषा मराठी असल्याचे नोंदवावे म्हणजे वाचून दाखवणारे यंत्र योग्य उच्चार निवडते. ‘मुक्त’ किंवा ‘शोभिका’सारखे मराठी वळणाचे टंक विनामूल्य मिळतात.

मजकुरात काय असावे? थोडक्यात परिचय, स्वतःच्या शब्दांत. पुस्तकांची यादी; प्रत्येकाचे प्रकाशक, पहिल्या आवृत्तीचे वर्ष, नंतरच्या आवृत्त्या आणि ते आज कोठे मिळते. नियतकालिकांत विखुरलेल्या लेखांची यादी, अंकाचा महिना आणि वर्ष यांसह. अभ्यासकाला सर्वांत जास्त हवी असते ती हीच, आणि अनियतकालिकांच्या बाबतीत ही माहिती पुष्कळदा लेखकाशिवाय कोणाकडेच नसते. दोन-चार कविता किंवा एखादी कथा पूर्ण द्यावी. संपर्कासाठी वेगळा ईमेल असावा. घरचा पत्ता आणि घरचा फोन देऊ नये. आपल्या लेखनाला येणारी उत्तरे सगळीच वाङ्मयीन नसतात, हे आपल्या लेखिकांना तर अधिक ठाऊक आहे. डोमेनच्या नोंदीत भरलेला पत्ताही काही ठिकाणी सर्वांना दिसू शकतो, ते नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावे.

राहिला हक्कांचा प्रश्न. ‘प्रकाशकाला पुस्तक दिले आहे, मग ते मी कसे लावू?’ अशी शंका लेखक घेतात, आणि ती रास्त आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. तोंडी बोलण्यावर पुस्तक छापले असेल, आणि आपल्याकडे तसेच जास्त झाले आहे, तर हक्क लेखकाकडेच आहे. लेखी करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. मात्र हा नियम १९९५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने आला. त्याआधीच्या करारांना तो लागू नाही, ते करार मुळातूनच वाचावे लागतात. मुखपृष्ठाच्या चित्राचा हक्क चित्रकाराचा असू शकतो, त्याला विचारावे. लेखक हयात नसेल तर मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे हक्क वारसांकडे राहतो. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तके २०१७ च्या आरंभी सर्वांसाठी खुली झाली. त्यांच्या पश्चात प्रथम छापल्या गेलेल्या लेखनाची साठ वर्षे मात्र त्याच्या प्रकाशनापासून मोजतात. दिवंगत लेखकाचे स्थळ बांधायला निघालेल्या कार्यकर्त्यांनी आधी त्याच्या घरी जावे आणि घरच्यांची लेखी संमती घ्यावी. कृतज्ञतेच्या भरात हे राहून जाते आणि मग कटुता येते.

स्थळ तयार झाले की सर्व फाईलींची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या मित्राकडे ठेवावी. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्था १९९६ पासून महाजालावरील पाने जतन करीत आहे. तिच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये आपल्या पानाचा पत्ता टाकला की त्या दिवसाची प्रत तेथे जमा होते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. वर्षातून दोनदा हे करावे. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवावी, आणि संकेतशब्दांची वही कोणत्या कपाटात आहे ते घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवावे.