नॉट: वेग सांगणारी गाठ
चक्रीवादळाच्या बातमीत ‘ताशी ४० नॉट’ असे छापले, की तास दोनदा मोजला जातो. कारण नॉट म्हणजेच ताशी एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. मूळ अर्थ मात्र साधी गाठ. शिडाच्या जहाजावरून फळी बांधलेली दोरी पाण्यात सोडत आणि वाळूच्या घड्याळाचे सुमारे २८ सेकंद सरेपर्यंत किती गाठी हातातून सुटल्या ते मोजत. दोन गाठींत सुमारे ४७ फूट अंतर ठेवले, की गाठींची संख्या हाच वेग. मग आज किलोमीटर का नाहीत? सागरी मैल अक्षांशाच्या जवळजवळ एका मिनिटाएवढा असतो, म्हणून नकाशाच्या कडेवरूनच अंतर कळते. खलाशी-वैमानिकांनी नॉट जपला, तो हट्टाने नव्हे, सोयीने. बातमीत मात्र सोबत किलोमीटर हवेतच.