उच्च शिक्षणाचा खर्च : भार कोणावर?

उच्च शिक्षणाच्या शुल्काची चर्चा आपल्याकडे बहुधा शुल्कवाढीविरुद्धच्या आंदोलनाच्या निमित्ताने होते. तथापि शुल्क आणि खर्च या दोन भिन्न बाबी आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. शुल्क कमी ठेवल्याने खर्च घटत नाही. विद्यार्थी जो भाग भरत नाही, तो करदात्याच्या वाट्यास येतो.

शिक्षणाचा लाभ दुहेरी असतो. पदवीधराचे उत्पन्न वाढते, आणि समाजास शिक्षक, अभियंते व डॉक्टर मिळतात. यांपैकी पहिल्या लाभावर बोट ठेवून केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या १९९७ च्या अनुदानविषयक चर्चापत्राने उच्च शिक्षणास ‘मेरिट’ सेवांच्या यादीबाहेर ठेवले. तत्पूर्वी न्या. पुन्नय्या समितीने विद्यापीठांनी शुल्क व अन्य स्वतःच्या साधनांतून आवर्ती खर्चाचा १५ टक्के आणि दहा वर्षांत किमान २५ टक्के भाग उभारावा, अशी शिफारस केली होती.

मात्र अल्प शुल्क म्हणजे गरिबांना साहाय्य, हे समीकरण तपासून पाहिले पाहिजे. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांतील निम्म्या जागा गुणवत्तेनुसार अल्प शुल्काच्या आणि निम्म्या अधिक शुल्काच्या ठरविल्या. प्रत्यक्षात महागड्या शाळांतून आलेले सधन घरचे विद्यार्थी प्रवेश परीक्षेत वरचे क्रमांक पटकावीत व अल्प शुल्काच्या जागा घेत. त्यांचा भार अधिक शुल्क भरणाऱ्या, तुलनेने कमी सुस्थितीतील विद्यार्थ्यांवर पडे. २००२ मध्ये टी.एम.ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अनुभव नोंदवून ती योजना रद्द केली. परीक्षार्थींनी हे दोन निकाल एकत्रच अभ्यासावेत. केवळ वर्षे पाठ करून त्यांतील अर्थशास्त्र हाती लागत नाही.

भारतीय तंत्रज्ञान संस्थांनी २०१६ मध्ये निराळा मार्ग अवलंबिला. पदवीचे वार्षिक शिक्षणशुल्क ९० हजारांवरून २ लाख रुपये झाले. त्याचबरोबर अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना, तसेच १ लाखाहून कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना पूर्ण माफी, आणि ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नगटास दोन-तृतीयांश माफी मिळाली. तत्त्व योग्यच आहे. परंतु ज्या राज्य विद्यापीठाच्या महाविद्यालयात पूर्ण शुल्क भरू शकणारे विद्यार्थी मुळातच थोडे, तेथे माफीची भरपाई कोठून व्हावी? ती शासनानेच केली पाहिजे, आणि वेळेवर केली पाहिजे.

कर्जाचा पर्याय नेहमी सुचविला जातो. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून अशी व्यवस्था केली की, पदवीधराचे उत्पन्न ठराविक मर्यादा ओलांडेल तेव्हाच करयंत्रणेमार्फत परतफेड सुरू व्हावी. आपल्याकडील शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र अभ्यासक्रमानंतरची सवलतीची मुदत संपली की सुरू होतो, नोकरी मिळो वा न मिळो. गरीब कुटुंब कर्जास कचरते ते या जोखमीमुळे. व्याजाचा दर हे दुय्यम कारण होय. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. ती स्वागतार्ह असली, तरी निवडक नामांकित संस्थांपुरतीच आहे, आणि जोखमीचा प्रश्न तिने सुटत नाही. ऑस्ट्रेलियाची पद्धत जशीच्या तशी उचलणेही कठीण, कारण असंघटित क्षेत्रात काम करणाऱ्या पदवीधराचे उत्पन्न प्राप्तिकर यंत्रणेस दिसतच नाही. तूर्त सामान्य महाविद्यालयांचा मोठा खर्च सार्वजनिक निधीतूनच भागवावा लागेल.