वेंगुर्ल्याचं जहाज, नाशिकच्या टेबलावर

सकाळी साडेसहा. एप्रिलमध्ये नाशिकला निबचं काम करायचं तर ऊन चढायच्या आत. पुढे हवा अशी कोरडी होते की शाई निबच्या टोकावरच वाळते. मुलांच्या पुस्तकात वेंगुर्ल्याच्या डच वखारीवर एक प्रकरण आहे. किनाऱ्यासमोर नांगरलेलं डच कंपनीचं व्यापारी जहाज मला काढायचंय. पडकी का होईना, वखार आजही पाहता येते. जहाजासाठी जुन्या चित्रांकडेच जावं लागतं.

साडेसात. थोरल्या व्हिलेम व्हान द वेल्दच्या रेखाटनांच्या प्रती मांडल्या. हा चित्रकार आरमारामागे छोट्या गलबतातून जायचा. १६५३ च्या स्खेव्हेनिंगनच्या लढाईतही तो समुद्रावर होता. म्हणून त्याच्या चित्रातला दोर कुठून निघतो आणि कुठे बांधलाय, ते बोटाने दाखवता येतं.

नऊपासून पिछाडी. सगळी श्रीमंती इथे आहे: खिडक्यांची रांग, दोन्ही कडांना कोरलेले पुतळे, वरच्या फळीवर नक्षी, त्याहून वर कंदील. पुढे नाकावर सिंह. खाली पोट फुगीर आणि वर जाताना अंग अरुंद, तांबट आळीतल्या तांब्यासारखं. ही वळणाची रेषा चुकली की नक्षी कितीही सुंदर काढा, जहाज पाण्यात बसत नाही. तीन तास त्या एका रेषेवर गेले आणि ते जायलाच हवे होते.

दीडला जेवताना मुलीने विचारलं, “बाबा, एवढं सजवायचं ते मागच्या बाजूला का?”
“मोठ्या अधिकाऱ्यांच्या खोल्या तिथे. शिवाय पुढून लाटांचा मार बसतो.”

तीनला संपादक ताईंचा फोन. “सर, शिडं फुगलेली दाखवा ना, मुलांना आवडतं.”
“ताई, नांगर टाकलाय. शिडं गुंडाळलेलीच राहतील.”
पटलं त्यांना.

पाच ते आठ. जहाजाच्या कडेला एक मचवा काढला: पाण्याची पिंपं, धान्याची पोती, चार खलाशी. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच ताफ्याला रसद वेंगुर्ल्यातून जायची. नुसतं जहाज छापलं तर मुलांना परदेशी वैभव तेवढं दिसेल; ते पोसणारी आपली माणसंही त्याच पानावर हवीत.

साडेआठला स्कॅन पाठवला. सोबत लिहिलं: ताई, जागा कमी पडली तर वरचं आकाश कापा, मचव्याला हात लावू नका.