मुदत संपलेले प्रमाणपत्र

कल्याणहून शहाडला जाताना तिकीट तपासनीस तुमचा पास मागतो, तेव्हा तो काय पाहतो? पास रेल्वेनेच दिला आहे ना, तुमच्याच नावाचा आहे ना आणि त्याची मुदत शिल्लक आहे ना. मुदत काल संपली असेल, तर माणूस कालचाच आहे हे पटूनही तो सोडत नाही. संगणकातला ब्राउझरही असाच तपासनीस आहे.

समजा, शहाडच्या एका सोसायटीत कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र आहे. रात्री जिन्याखालची सायकल गेली. सकाळी सेक्रेटरींनी आपल्या संगणकावर यंत्राचे पान उघडले, तर पडद्यावर इशारा आला: जोडणी सुरक्षित नाही! यंत्र चालू, तारा जागेवर, चित्रणही झालेले. मग बिघडले काय?

बिघडले काहीच नाही. यंत्र आणि ब्राउझर यांचे बोलणे सांकेतिक लिपीत चालते. त्याआधी यंत्र आपले प्रमाणपत्र दाखवते. त्यात यंत्राचा पत्ता, त्याची सार्वजनिक किल्ली आणि मुदतीच्या तारखा असतात. मुदत संपली म्हणून लिपी कच्ची होत नाही. ती उकलणे काल जितके अवघड होते तितकेच आजही आहे. संपते ती हमी, म्हणजे पलीकडे बोलणारा तोच आहे याची.

मग मुदत घालायचीच कशाला? किल्ली चोरीला गेली किंवा प्रमाणपत्र भलत्याच्या हाती पडले, तर गैरवापर कधीतरी आपोआप थांबावा म्हणून. ही भीती काल्पनिक नव्हे. जुलै २०१४ मध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून गूगलच्या काही पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले होते. जाहीर संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस झाली. १५ मार्च २०२६ पासून २०० आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस, असे ठरले आहे.

मोठी संकेतस्थळे प्रमाणपत्र आपोआप बदलून घेतात. सोसायटीच्या यंत्राची खरी अडचण इथेच आहे. त्याचा पत्ता १९२.१६८.१.१० असा काहीतरी असतो. असे पत्ते खाजगी जाळ्यांसाठी राखीव आहेत. तोच पत्ता आंबिवलीत, आणि अमेरिकेतही, असंख्य घरांत असू शकतो. ‘दुसरा मजला, डावीकडचे दार’ एवढ्यावरून पोस्टमन घर कसे ओळखील? म्हणून जाहीर प्रमाणन संस्था अशा पत्त्याची हमी देत नाहीत. मग यंत्र स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र लिहून देते. हाताने लिहिलेला पासच म्हणा ना! बसवणाऱ्या कारागिराने ‘हा आपला ओळखीचा’ असे संगणकाला सांगून ठेवले होते. मुदतीबरोबर ती ओळखही सरली.

उपाय सोपा आहे. यंत्र आपलेच आहे, पत्ता बरोबर आहे, अशी खात्री करून तेवढ्यापुरते पुढे जावे, यंत्रात नवे प्रमाणपत्र तयार करावे आणि संगणकाला त्याची ओळख करून द्यावी. काही यंत्रांत ही सोयच नसते. हा मात्र बनवणाऱ्यांचा आळस. बँकेच्या पानावर असा इशारा आला, तर तेथूनच मागे फिरावे.

पण सर्वांआधी आपल्या संगणकाची तारीख पाहा. ब्राउझर मुदत ताडतो ती तिच्याशीच. संगणक बंद असताना घड्याळ चालते ते सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या क्वार्ट्झच्या स्फटिकावर आणि एका छोट्या सेलवर. सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि चांगले प्रमाणपत्रही ‘अजून सुरूच न झालेले’ ठरते. शाळेच्या संगणकावर शिक्षकांच्या परवानगीने तारीख दहा वर्षे पुढे न्या आणि एखादे संकेतस्थळ उघडून पाहा. नंतर तारीख पूर्ववत करायला विसरू नका!